कोंबडा मारका जन्मतो का केला जातो? परसातल्या दहा महिन्यांच्या नोंदी

आमचं गाव पाटण तालुक्यात, डोंगराच्या पायथ्याला. घरी दहा-बारा गावठी कोंबड्या कायम असतात, माझ्या सासूबाईंच्या काळापासून. मी काही शास्त्रज्ञ नाही, पण वहीत रोज लिहून ठेवायची सवय आहे, तीच वही इथं टाईप करतेय. ज्यांच्याकडं मारका कोंबडा आहे आणि त्याची अंडी उबवायची का नाही हा प्रश्न पडलाय त्यांना उपयोग होईल म्हणून.

३ डिसेंबर २०२३
तांबड्यानं, म्हणजे आमच्या मारक्या कोंबड्यानं, आज लेकीला मारलं. ती सहा वर्षांची आहे, अंगणात खडूनं काहीतरी काढत बसली होती, हा मागून आला आणि उडी मारून दोन्ही पाय तिच्या पाठीत घातले. स्वेटर होता म्हणून वाचली, तरी काट्याचा दीड इंची ओरखडा आलाय. गेल्या महिन्यात ह्यांच्या पोटरीवर आला होता तेव्हा आम्ही मनावर घेतलं नाही, ही चूक आमचीच. तांबड्या म्हणजे अर्धा असील, बाप असील (झुंजीची जात) आणि आई गावठी, मागच्या वर्षी शेजारच्या गावातून १,२०० रुपयांना आणला होता कारण अंगानं भरलेला आणि घारीला सुद्धा न घाबरणारा. आई, म्हणजे सासूबाई, म्हणाल्या, "रक्तच तसलं त्याचं, सुरीखाली घाला, त्याची अवलाद पण ठेवू नका." आणि शेजारचे आबा म्हणाले, "जनावर उगंच मारकं होत न्हाई, कुणीतरी डिवचलं असणार." दोघांचंही आयुष्य कोंबड्यांत गेलंय आणि दोघं नेमकं उलटं बोलतायत.

१० डिसेंबर
ठरवलं की कापायच्या आधी बघायचं. घरात दुसरा कोंबडा आहे भुऱ्या, निव्वळ गावठी, लेक त्याला काखेत घेऊन फिरते तरी हूं का चूं करत नाही. दोघांची पिल्लं एकाच वेळी काढायची, एकत्र वाढवायची आणि बघायचं कोण बापावर जातंय. बांबू आणि जाळी आणून परसात आडोसा केला, एका बाजूला तांबड्या आणि चार कोंबड्या, दुसऱ्या बाजूला भुऱ्या आणि चार कोंबड्या. आठही कोंबड्या घरच्याच, बऱ्याचशा बहिणी-बहिणी, म्हणजे आईकडून फार फरक पडायला नको. जाळी-बांबू-तारेचा खर्च २,८०० झाला, ह्यांना मी १,५०० सांगितला होता.

१९ डिसेंबर
पहिली मोठी चूक सापडली. १२ तारखेपासून अंडी गोळा करत होते, पेन्सिलनं 'तां' आणि 'भु' लिहून ठेवत होते, २६ झाली होती. आज जनावरांच्या दवाखान्यातल्या डॉक्टरांना सहज सांगितलं तर ते म्हणाले की ह्या अंड्यांचा बाप कोण हे तुम्हाला कळणारच नाही, कारण कोंबडीच्या पोटात नराचं बीज दोन-तीन आठवडे जिवंत राहतं. वेगळं करायच्या आधी सगळ्या कोंबड्या दोन्ही कोंबड्यांबरोबर एकत्र फिरत होत्या, म्हणजे 'तां' लिहिलेल्या अंड्यात भुऱ्याचं पिल्लू असू शकतं. सगळी अंडी घरात खाल्ली आणि थोडी वाटली. कुणी असला प्रयोग करणार असेल तर कोंबडा बदलल्यावर किमान तीन आठवडे थांबा, माझा निम्मा महिना गेला.

डॉक्टरांना मी हेही विचारलं की बैलासारखं ह्याला खच्ची करता येत नाही का. ते म्हणाले नको, कोंबड्याचे अंडकोष पोटात आत पाठीच्या कण्याला लागून असतात, घरगुती उपाय करायला गेलात तर मरेल. मग त्यांनीच सांगितलं की १८४९ साली जर्मनीत गॉटिंगनला बेर्टहोल्ड नावाच्या माणसानं सहा कोंबड्यांवर हे करून बघितलं होतं. अंडकोष काढलेले कोंबडे नीट आरवेनात, भांडेनात, तुरा आखडला, आणि ज्यांच्या पोटात अंडकोष परत बसवले ते पुन्हा तुरेबाज होऊन भांडायला लागले. म्हणजे आग पेटते ती आतून, एवढं तर नक्की. पण मग भुऱ्याला पण अंडकोष आहेतच की, तो का नाही मारत, हा माझा प्रश्न तसाच राहिला.

१२ जानेवारी २०२४
३ जानेवारीपासून पुन्हा गोळा केली. तांबड्याकडची १८, भुऱ्याकडची १९. खुडूक, म्हणजे अंड्यांवर बसायला आलेली, कोंबडी होती एक, पण तिच्याखाली उबवायला घातली असती तर पिल्लांना तिनं काय शिकवलं आणि रक्तात काय होतं ह्याचा घोळ झाला असता, म्हणून सगळी मशीनमध्येच घालायची ठरवली. सेकंडहँड इनक्युबेटर ६,५०० ला मिळालं, ६० अंड्यांचं, वर तापमान आणि दमट हवा मोजायचं यंत्र ४५०. तापमान ३७.६ ला लावलंय.

२५ जानेवारी
२० तारखेला बॅटरीवर धरून अंडी बघितली होती, सात फोल निघाली (तांबड्याची ४, भुऱ्याची ३), तीस चालू होती. काल रात्री साडेअकराला लाईट गेली ती पहाटे पाचला आली. मी तीनला उठले तेव्हा मशीनमध्ये ३१ दाखवत होतं. गोधडी गुंडाळली, बाटल्यांत गरम पाणी भरून चारी बाजूंनी लावल्या, दर अर्ध्या तासाला पाणी बदललं, आई पण उठून बसल्या होत्या माझ्याबरोबर. इन्व्हर्टरशिवाय मशीन चालू करू नका, हे मी वाचलं होतं आणि तरी म्हणलं थंडीत कुठं लाईट जातेय.

२ फेब्रुवारी
२१ पिल्लं निघाली. तांबड्याची १०, भुऱ्याची ११. नऊ आत मेली, त्यातली बहुतेक त्या रात्रीचीच असणार. बाहेर आलेली सगळी टुणटुणीत आहेत. १८ व्या दिवसानंतर अंडी फिरवणं बंद करून मध्ये जाळी घातली होती, दोन्ही बाजूची पिल्लं मिसळू नयेत म्हणून, ते काम चांगलं झालं. खूण म्हणून तांबड्याच्या पिल्लांच्या नखांना लाल नेलपॉलिश लावलं.

४ फेब्रुवारी
नेलपॉलिश ताबडतोब काढलं. लाल रंग दिसला की बाकीची पिल्लं तिथंच टोचतात, दोन पिल्लांची बोटं रक्ताळली आणि रक्त पुन्हा लालच, मग आणखी टोचतात. क्षणभर मला वाटलं की बघा, दोन दिवसांत भांडखोरपणा दिसला, पण तसं काही नाही, लहान पिल्लू चमकणाऱ्या कुठल्याही ठिपक्याला दाणा समजून टोचतं. आता पायात बारीक केबल टाय घातलेत, तांबड्याला काळे आणि भुऱ्याला पांढरे.

१ मार्च
मधल्या नोंदी थोडक्यात. लासोटाची लस सातव्या दिवशी, गंबोरोची चौदाव्या, लासोटा पुन्हा आज. कुपी शंभर डोसचीच मिळते, एकवीस पिल्लांसाठी घेतली आणि उरलेली गावातल्या चार घरांना बोलावून वापरली, त्यांच्याकडं दरवर्षी मानमोडीनं खुराडी रिकामी होतात. नवव्या रात्री घुशीनं दोन पिल्लं नेली, एक ह्याचं एक त्याचं, तळाला जाळी मारली नव्हती मी. तांबड्याचं एक असंच मलूल होऊन गेलं. राहिली अठरा.

केबल टाय दर आठवड्याला सैल करावे लागतात, पाय भराभर जाड होतात. एकाचा पाय सुजला तेव्हा लक्षात आलं. तेव्हाच दोन पिल्लांचे टाय एकाच रात्री पडले होते, एक काळा आणि एक पांढरा, आणि मी अंदाजानं परत घातले होते. ते उलटे घातले गेले हे आज कळलं. तांबड्याचा तुरा असीलसारखा बसका, वाटाण्याच्या ओळींसारखा आहे, आणि भुऱ्या आणि आमच्या सगळ्या कोंबड्यांचे तुरे करवतीसारखे उभे. उभ्या तुऱ्याच्या आई-बापाला बसका तुरा होत नाही, आणि माझ्या एका पांढऱ्या टायवाल्याला बसका तुरा फुटलाय. म्हणजे ते तांबड्याचं, आणि दुसरं भुऱ्याचं. दोघांचे बदलले. तुऱ्यानं वाचवलं नाहीतर पुढची सगळी वही खोटी झाली असती.

तिसऱ्या आठवड्यापासून पिल्लं एकमेकांसमोर उडी मारतात, छातीला छाती लावतात आणि लगेच विसरून दाणे टिपायला लागतात. हे दोन्ही बापांची पिल्लं करतात, माद्या सुद्धा.

१५ मार्च
सहा आठवडे झाले, तुरे लाल व्हायला लागले, नर-माद्या कळायला लागल्या. दहा नर आहेत, पाच तांबड्याचे पाच भुऱ्याचे. इतकं बरोबर निघेल असं वाटलं नव्हतं. तलंगा वेगळ्या केल्या.

आता नरांचे दोन गट केलेत. परसातल्या खुराड्यात तांबड्याचे तीन आणि भुऱ्याचे दोन. ह्यांना मी रोज हातात घेणार, दाणे हातावर देणार. गोठ्यामागच्या खुराड्यात तांबड्याचे दोन आणि भुऱ्याचे तीन. त्यांना खाणं-पाणी सगळं तेच, पण हात लावायचा नाही. मुद्दाम कुणाला त्रास द्यायचा नाही हे घरात सगळ्यांना सांगितलंय.

३० मार्च
मोजणीत चूक करत होते. मी 'मारलं / नाही मारलं' असं लिहायचे, आणि सकाळी खाणं टाकल्यावर लिहायचे. एक तर खाण्यावर सगळेच भांडतात, आणि दुसरं म्हणजे नुसतं मान फुलवून बघणं आणि रक्त काढणं ह्याला मी एकच टिंब देत होते. आता असं ठरवलंय की खाऊन झाल्यावर अर्ध्या तासानं पंधरा मिनिटं बसायचं, आणि चार गोष्टी वेगळ्या लिहायच्या: मान फुलवली, डोक्यावर टोचलं, उडी मारून लाथ, आणि कोण पळालं. शिवाय सुरुवात कुणी केली. पंधरा दिवसांची आधीची पानं बाद.

१२ एप्रिल
दोन्ही खुराड्यांत खाण्याचं एकेकच भांडं होतं. मार खाणारे उपाशी राहतायत दिसल्यावर दुसरं भांडं लांब कोपऱ्यात ठेवलं आणि मध्ये बाभळीची फांदी आडवी टाकली, पळणाऱ्याला आड व्हायला. परसात पंधरा मिनिटांत १९ ते २२ भांडणं व्हायची ती ७-८ वर आली. गोठ्याकडं पण तेवढीच कमी झाली. रक्त तेच, कोंबडे तेच, फक्त एक भांडं आणि एक फांदी. ज्यांच्याकडं कोंबडे एकमेकांना फाडतायत त्यांनी आधी हे करून बघा, मग रक्ताला नावं ठेवा.

२६ एप्रिल
बारा आठवडे. गेल्या दहा दिवसांची बेरीज केली. दोन्ही खुराडी मिळून ८६ भांडणं, त्यातली ६१ तांबड्याच्या पोरांनी सुरू केलेली. हातात घेतलेले असोत की नसोत, आकडा जवळपास तोच. आणि अजून एक गोष्ट आकड्यात दिसत नाही. भुऱ्याचा पोरगा समोरचा पळाला की थांबतो, मान खाली करून उगंच जमीन उकरतो आणि विषय संपतो. तांबड्याचे तीन जण पळणाऱ्याच्या मागं जातात, कोपऱ्यात गाठतात, डोकं धरून ठेवतात. हे त्यांना कुणी शिकवलं? बापाला त्यांनी जाळीपलीकडनं सुद्धा नीट बघितलेलं नाही.

आई वहीतला आकडा ऐकून म्हणाल्या, "सांगितलं होतं की." मी मान्य केलं. पण वजनं केली तेव्हा तांबड्याची पोरं सरासरी ११५० ग्रॅम आणि भुऱ्याची ९६० भरली. अंगानं मोठा असलेला जिंकतो, जिंकतो म्हणून परत भिडतो. मग बापाकडून राग आला का नुसतं उंच अंग आलं आणि राग मागून आला, हे माझ्या दहा कोंबड्यांवरून वेगळं काढता येत नाही.

१ मे
माझी मावसबहीण शिरवळच्या व्हेटर्नरी कॉलेजला शिकते, ती सुट्टीला आली होती, तिला वही दाखवली. ती म्हणाली तू करतेयस ते अमेरिकेत कॅन्ससला गुल आणि क्रेग ह्या लोकांनी १९६० च्या आसपास मोठ्या प्रमाणावर केलंय, लेगहॉर्न आणि ऱ्होड आयलंड रेड ह्या कोंबड्यांच्या जाती घेऊन. जिंकणाऱ्यांची पिल्लं एका बाजूला, हरणाऱ्यांची दुसऱ्या बाजूला, असं पिढ्यानपिढ्या निवडत गेले तर दोन वंश सरळ वेगळे पडले, एक वरचढ आणि एक दबून राहणारा. म्हणजे रक्तात आहे हे खरं. आणि तिनं क्राउट नावाच्या डच माणसाचं सांगितलं, त्यानं रानकोंबड्याची पिल्लं अगदी एकटी वाढवली, दुसरा पक्षी न दाखवता, तरी ती मोठी झाल्यावर झुंजीच्या सगळ्या हालचाली करायची, पण कुणावर करायच्या हे कळेना, स्वतःच्याच शेपटीवर धावून जायची. हे ऐकून मला फार वाईट वाटलं त्या पक्ष्यांचं. पण ते डोक्यातून जात नाहीये. उडी मारायची कशी हे शिकावं लागत नाही, कुणावर मारायची हे मात्र आजूबाजूच्यांकडून ठरतं.

तिनं इज्जतनगरच्या सरकारी संस्थेच्या 'कॅरी निर्भीक' कोंबडीचं पण सांगितलं, असीलचा संकर आहे, आणि चपळ, भांडखोर, शिकारी प्राण्यापासून स्वतःला वाचवणारी म्हणूनच परसबागेसाठी दिली जाते. हे मला पटलं. आमच्याकडं मुंगूस आणि घार दोन्ही आहेत, आणि तांबड्या आल्यापासून घारीनं एकही पिल्लू नेलेलं नव्हतं. म्हणजे ज्या गुणासाठी त्याला आणला त्याच गुणानं लेकीला मारलं का, हे बघायचं राहिलंय.

२४ मे
आज वहीतलं सगळ्यात महत्त्वाचं पान. सोळा आठवडे झाले.

गोठ्यामागच्या पाचपैकी तीन कोंबडे माणसांवर येतायत. एक पंख खाली सोडून बाजूबाजूनं नाचत येतात आणि मग उडी. परसातल्या पाचपैकी एकही येत नाही. आणि त्या तिघांत तांबड्याचा एकच आहे, दोन भुऱ्याचे आहेत! भुऱ्याचे, ज्याला लेक काखेत घेऊन फिरते.

दोन दिवस मला कळेना. हात न लावल्यामुळं एवढं होतं का? मग काल दुपारी गोठ्यात वैरण घ्यायला गेले तर नणंदेचा मुलगा, दहा वर्षांचा, खुराड्याच्या जाळीतून खराटा आत घालून कोंबड्यांना नाचवत होता. ५ तारखेपासून सुट्टीला आलाय, म्हणजे जवळजवळ तीन आठवडे रोज दुपारी आम्ही झोपलो की हा खेळ. कोंबडा खराट्यावर यायचा, हा खराटा ओढून मागं पळायचा आणि हसायचा. कोंबड्याला काय कळणार, त्याला एवढंच कळलं की मी धावून गेलो की समोरचा पळतो. रोज दहा वेळा तो जिंकत होता.

मी त्याला रागावले नाही, त्याला कुणी सांगितलंच नव्हतं, मी फक्त मोठ्यांना सांगितलं होतं. त्याला जवळ बसवून वही दाखवली. माझा प्रयोग बिघडला का, तर हो, हात न लावलेला गट आता डिवचलेला गट झाला. पण मी मुद्दाम कधीच केलं नसतं ते समोर आलं.

२७ मे
शेजारच्या गावात गेले, ज्यांच्याकडून तांबड्या आणला त्यांच्याकडं. आधीच जायला हवं होतं, सहा महिने मी त्याच्या पोरांचा हिशोब ठेवत बसले आणि त्याच्या स्वतःच्या लहानपणाचं विचारलंच नाही. ते मोकळेपणानं बोलले. त्यांचा मुलगा तो तलंगाएवढा असल्यापासून त्याच्यासमोर गमछा हलवून उड्या मारायला लावायचा, पाव्हणे आले की दाखवायला. गमछा! आणि आमच्याकडं पहिल्यांदा ह्यांच्या पोटरीवर आला तेव्हा ह्यांनी खांद्यावरचा पंचा झटकून त्याला हाकललं होतं. लेकीच्या दिवशी तिच्या गळ्यात ओढणी होती का हे मी आठवून आठवून बघितलं, आठवत नाही, आणि आता नंतर ठरवून लिहिणार नाही.

९ जून
तिघांना सुधारायचा प्रयत्न चालू केलाय. आधी गावात सांगतात ते करून बघितलं, म्हणजे ह्यांनी करून बघितलं, अंगावर आला की पायानं ढकलायचं. चार दिवसांत तिघंही वाईट झाले. त्याच्यासाठी ते भांडणच आहे, आपण लाथ मारली म्हणजे आपण दुसरा कोंबडा झालो.

मग बंद केलं. आता असं करतेय: गमबूट आणि जाड पोत्याचा पट्टा पायाला बांधून आत जायचं, तो आला तरी मागं सरकायचं नाही आणि पुढं पण मारायचं नाही, नुसतं उभं राहायचं. तो दमला की अलगद उचलून काखेत घ्यायचं, पंख दाबून, पंधरा मिनिटं तसंच घेऊन बाकीची कामं करायची. खाली ठेवताना तो शांत असेल तेव्हाच. खाणं फक्त हातानं. अंगावर आला की खाणं घेऊन निघून जायचं नाही, कारण गेलो म्हणजे तो जिंकला.

सकाळची चाळीस मिनिटं ह्यात जातात. पेरणीच्या दिवसांत घरच्यांची बोलणी खाल्ली.

७ जुलै
भुऱ्याचे दोघं सुधारले. एक वीस दिवसांत आणि एक चार आठवड्यांत, आता अंगणात सोडले तरी माणसाकडं बघत नाहीत. तांबड्याचा तो एक मात्र तसाच आहे, माझ्यावर येत नाही पण बाकी कुणी आत गेलं की येतो. त्याला शिकवलं तेवढंच, दिवस तेवढेच, खराटा तोच होता. शिकलेलं पुसायला पण रक्त आडवं येतं असं मी म्हणेन, पण तीन पक्ष्यांवरून म्हणतेय हे लक्षात ठेवा.

तलंगा आता अंडी द्यायला लागतील, म्हणून थोडा वेळ नर त्यांच्यात सोडून बघितले. तांबड्याची पोरं, जी आपसांत डोकी फोडतात, ती माद्यांशी अगदी नीट वागतात, दाणा सापडला की टुकटुक करून बोलावतात. मावसबहिणीला फोन केला तर ती म्हणाली कॅनडातल्या अभ्यासात पण हेच आलं होतं, झुंजीच्या जातीचे नर माद्यांना त्रास देत नाहीत आणि ब्रॉयलरच्या पैदाशीचे भारी नर देतात. मी इतके दिवस 'मारका' ह्या एका शब्दात तीन वेगळ्या गोष्टी भरत होते, नराशी भांडणं, मादीला मारणं आणि माणसावर येणं. वहीत आता तीन रकाने केलेत.

३० ऑगस्ट
सात महिने. परसातल्या, हातावर वाढलेल्या गटातला तांबड्याचा एक कोंबडा आज दूध घालायला आलेल्या माणसावर गेला. त्याला कुणी डिवचलेलं नाही, ह्याची मला खात्री आहे, तो कायम डोळ्यासमोर असतो. दोन पावलं गेला, मान फुलवली, एक उडी, आणि मी हाक मारल्यावर परत आला. लिहायला जड जातंय कारण मे महिन्यापासून मी सगळ्यांना सांगत फिरत होते की माणसावर येणं हे नुसतं शिकवल्यानं होतं. तसं नाही. पाच डिवचलेल्यांत तीन, पाच न डिवचलेल्यांत एक, आणि तो एक तांबड्याचा.

८ सप्टेंबर
एक जण गाडी घेऊन आला होता, तांबड्या आणि त्या न सुधारलेल्या पोराला मिळून ७,००० देतो म्हणाला. कशाला हवेत विचारलं तर आधी पैदाशीला म्हणाला, मग संक्रांतीचं काहीतरी बोलला. झुंजीला नेणार हे उघड होतं. जनावरांची झुंज लावणं हा १९६० च्या प्राणी क्रूरता प्रतिबंधक कायद्यानं गुन्हा आहे, आणि कायदा नसता तरी दिला नसता. काखेत घेऊन फिरवलेला कोंबडा कुणाच्या पायाला सुरी बांधायला द्यायचा नाही. हे सुद्धा माझ्या बाजूनं बोलले, पैशांची गरज असताना.

२२ सप्टेंबर
आजपर्यंतचा खर्च जोडला. मशीन ६,५००, यंत्र ४५०, जाळी-बांबू २,८००, पिल्लांच्या खाद्याचं (स्टार्टर) पोतं २,१५०, वाढत्यांचं खाद्य (ग्रोवर) २,९०० (नंतर घरचा मका-तांदूळ), लशी ६२०, बल्ब-वायर ३८०, मलम-औषधं ३००. एकूण १६,१००. तीन नर आणि दोन तलंगा विकून ४,३०० आले, बाकी अंडी घरात.

विकलेले तीनही भुऱ्याचे, घेणाऱ्यांना सगळं खरं सांगितलं, कोण खराट्यावर वाढला होता ते पण.

तांबड्या आहे अजून. मागच्या मोठ्या जाळीत, दोन कोंबड्यांबरोबर. लेकीला तिकडं एकटीला जाऊ देत नाही, आणि अंगणातल्या सगळ्यांना पंचा-गमछा झटकायला बंदी आहे. आईंनी सुरीचा विषय काढणं सोडलंय, परवा त्यांनीच त्याला कोंडा घातला जाळीतून.

१३ ऑक्टोबर २०२४
दुसरी खेप आज मशीनमध्ये घातली, ३० अंडी. ह्या वेळी बाप म्हणून परसातला तांबड्याचा दुसरा पोरगा घेतलाय, बसक्या तुऱ्याचा. नरांत तो वरचढ आहे, घार दिसली की पहिला ओरडतो, आणि आठ महिन्यांत एकदाही माणसावर आलेला नाही. कोंबड्यांपासून सव्वीस दिवस दुसरा कोंबडा लांब ठेवला होता. इन्व्हर्टर जोडलाय. तळाला जाळी मारलीय, दोन पदरी. खाण्याची भांडी पहिल्या दिवसापासून दोन. केबल टायऐवजी प्लास्टिकच्या उघडणाऱ्या रिंगा आणल्यात, ५० ची १८० रुपये.

पिल्लं ३ नोव्हेंबरला निघतील, नेमकी दिवाळीत. भाचा येतोय सुट्टीला. त्याला फोनवर सांगितलंय की पिल्लांना रोज सकाळी हातावर दाणे घालायचं काम त्याचं आणि वहीत लिहायचं पण त्यानंच, तर त्यानं विचारलं की रकाने किती पाडायचे.